नेट चालू, पण एकही साइट उघडेना

आईची पेन्शनची पासबुकं, फोटो, सगळं आमच्या जुन्या डेस्कटॉपवर आहे. गेल्या आठवड्यात त्याचं नेट अचानक बंद पडलं. 'अगं, मोबाइलवर तर छान चालतंय,' आई म्हणाली. म्हणजे राउटर ठीक होता.

तरी राउटर बंद-चालू केला, केबल काढून घट्ट बसवली. फरक शून्य. मग कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडून पिंग ८.८.८.८ दिलं, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला चार हाका मारल्या, तर चारही उत्तरं आली! लाइन चालू आहे आणि साइट उघडत नाही, हे कोडं मला अर्धा तास सुटेना. ब्राउझर प्रत्येक साइटला 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणत होता.

शेवटी नजर उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेली. तारीख १ जानेवारी २०१२! प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला, म्हणजे ती साइट खरी असल्याच्या डिजिटल दाखल्याला, 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. कॉम्प्युटर २०१२ मध्ये असल्यामुळे आजचं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं वाटत होतं.

तारीख दुरुस्त केली, लगेच सगळं उघडलं. पण रात्री मेन स्विच बंद केला आणि सकाळी पुन्हा २०१२. तेव्हा खरं कारण कळलं: मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) बटन सेल संपला होता; वीज बंद असताना घड्याळ त्याच्यावरच चालतं. वायर काढून कॅबिनेट उघडलं, धूळ पुसली, खाचेतली छोटी पट्टी नखाने दाबली तसा सेल वर उडाला. त्यावर सीआर २०३२ असं कोरलेलं होतं. घड्याळाच्या दुकानातून तसाच नवा आणला, 'प्लस'ची बाजू वर ठेवून बसवला आणि बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) तारीख-वेळ भरली. आज पाचवा दिवस, घड्याळ बरोबर आहे.