सीपीआरचा केसपेपर हातात आहे? मेडिकलआधी हे करा

सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, दाखवून झालं की आधी तिथल्याच औषधांच्या खिडकीवर केसपेपर द्या. जे मिळेल ते घ्या. उरलेल्या गोळ्यांसाठी लगेच दसरा चौकातल्या मेडिकलची पायरी चढू नका. डॉक्टरांना म्हणा, "साहेब, कंपनीचं नको, मूळ औषधाचं नाव लिहून द्या." तो कागद घेऊन जनऔषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान, गाठा. ब्रँडेडपेक्षा साधारण 50 ते 80 टक्के स्वस्त पडतं. बीपीची अमलोडिपिन गोळी 5 एमजी की 10, तेवढं मात्र चष्मा लावून ताडून बघा. पाकीट वेगळं दिसलं म्हणून घाबरू नका. आणि बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्यांसाठी गावाकडनं एसटीनं कशाला यायचं? 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत आहेत.