वळवाच्या पहिल्या थेंबांना वायपर कोरडा फिरवू नका

एप्रिल-मे मध्ये सोलापुरात दुपार कलली की आभाळ भरून येतं. आधी धुळीचा लोट, मागून टपोरे थेंब. तेवढ्यात वायपर लावला की काचेवरच्या धुळीचा चिखल पसरतो आणि समोरचा ट्रकही दिसेनासा होतो. मोहोळ किंवा अक्कलकोट रस्त्याला तर हे हमखास.

१. वॉशरची टाकी भरलेली ठेवा. पाण्यात शाम्पूचे दोन-चार थेंब पुरे, जास्त टाकले तर फेसच पुसत बसाल.

२. लोट दिसताच वेग कमी करा, हेडलाइट लावा. थेंब पडू लागले की वॉशरची दांडी तीन-चार सेकंद ओढून धरा. पाण्याबरोबर वायपर फिरला की चिखल निघून जातो.

३. आठवड्यातून एकदा वायपरचं रबर ओल्या फडक्यानं पुसा. फडकं काळंकुट्ट होतं, तोच मळ काचेवर रेघा ओढत असतो. रबर बोटानं दाबून बघा. कडक लागलं, कडेला चिरा दिसल्या, की बदला. आपल्या उन्हात ते फार टिकत नाही.

४. आतून काच धुकटली तर एसी लावून हवा काचेवर सोडा. हातानं पुसू नका, डाग राहतात.

वारा जोरात असेल तर कडुलिंब, बाभूळ किंवा होर्डिंगखाली गाडी उभी करू नका, मग सावली कितीही चांगली असो. मोकळ्या जागी रस्त्यापासून बाजूला थांबा, काचा बंद ठेवून आतच बसा.