विवर्तनाचा कोड लिहिताय? उजेडाची बाजू सोडू नका

सभागृहातला आवाज संगणकावर उभा करताना इमेज सोर्स (भिंतीला आरसा मानून पलीकडे धरलेला स्रोत) जमलं, रे ट्रेसिंग (आवाजाच्या किरणांचा माग) जमलं, रिव्हर्बरेशन टाइम (आवाज विरायला लागणारा वेळ) मोजमापाशी जुळायला लागला, की आपल्याला रूम अकूस्टिक्स आलं असं वाटू लागतं. मग ऑर्केस्ट्रा पिटचं मॉडेल हातात येतं. वादक खाली, श्रोता वर, मध्ये कठडा. किरणांच्या हिशेबाने पुढच्या रांगेपर्यंत थेट आवाज पोचतच नाही. प्रत्यक्षात पोचतो, कारण आवाज कडेला वळसा घालतो; हेच विवर्तन. १२५ हर्ट्झला तरंगलांबी पावणेतीन मीटर असते, ती कठड्याला जुमानत नाही. ४००० हर्ट्झला साडेआठ सेंटीमीटर, तिथे मात्र कठडा खरोखर आडवा येतो. हा फरक नसेल तर रिव्हर्ब कितीही गोड असला तरी ऑरलायझेशन, म्हणजे मॉडेलमधून ऐकवलेला आवाज, कानाला खोटं वाटतं.

सुरुवात कुठून करायची यावर माझं मत ठाम आहे: टाइम डोमेनमधून, म्हणजे कंप्रतेऐवजी वेळेच्या हिशेबाने. बियो आणि टॉल्स्टॉय यांनी १९५७ साली अनंत लांबीच्या कडेचं अचूक उत्तर दिलं, मेडविनने १९८१ मध्ये ते मर्यादित कडांकडे आणलं, आणि स्वेन्सन, फ्रेड व वँडरकॉय यांनी १९९९ मध्ये ते कडेवरच्या दुय्यम स्रोतांच्या रूपात मांडलं. हा १९९९चा पेपर कागद-पेन्सिल घेऊन सोडवा. यूटीडी (युनिफॉर्म थिअरी ऑफ डिफ्रॅक्शन, विवर्तन मोजायची दुसरी पद्धत) वेगवान आहे, म्हणून सगळे आधी तिकडे धावतात. पण ती उच्च कंप्रतेची पद्धत आहे. मीटरभर रुंदीच्या पॅनेलवर १२५ हर्ट्झला तिच्यावर विसंबू नका.

आता एक सापळा. मी यात फार काळ अडकले होते, म्हणून सावकाश सांगते.

पुस्तकातल्या आकृतीत विवर्तन नेहमी आडोशामागे काढलेलं असतं. त्यामुळे कोडमध्ये अट येते: श्रोता छायेत, म्हणजे स्रोत दिसत नाही अशा जागी असेल तरच विवर्तन मोजा. गणना वाचते, इम्पल्स रिस्पॉन्स (एका क्षणिक टिचकीला मिळालेला प्रतिसाद) दिसायलाही ठीक दिसतो. तरी ते चूक आहे. छायेच्या सीमेवर थेट आवाज १ वरून एकदम ० होतो, पण खरा ध्वनिदाब अशी उडी घेत नाही. ती उडी विवर्तन भरून काढतं, आणि दोन्ही बाजूंनी. सीमेच्या अगदी अलीकडे, म्हणजे उजेडात, ते थेट आवाजाच्या निम्मं पण उलट चिन्हाचं असतं: १ वजा ०.५. पलीकडे, छायेत, तेवढंच पण सरळ चिन्हाचं: ० अधिक ०.५. दोन्हीकडून बेरीज ०.५, म्हणजे ६ डेसिबलने कमी. उजेडातलं विवर्तन गाळलंत तर सीमेवर ६ डेसिबलची पायरी उरते. श्रोता एका जागी बसलेला असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तो चालू लागला की खटकन ऐकू येतं. परावर्तनालाही हेच लागू. रंगमंचावर टांगलेल्या रिफ्लेक्टरची कड ओलांडली की इमेज सोर्स एकदम नाहीसा होतो, तिथली पायरीही विवर्तनानेच भरते. १९९९च्या पेपरातल्या सूत्रात चार पदं आहेत ती यासाठीच. वेळ वाचवायला त्यातली दोन कापू नका.

सीमेजवळ या सूत्राचा छेद शून्याकडे जातो आणि आकडे फुटतात. तेव्हा छेदात एखादी चिमुकली संख्या मिसळून वेळ मारून नेण्याचा मोह होईल. नका करू. स्वेन्सन आणि कॅलामिया यांनी २००६ मध्ये नेमकी हीच जागा हाताळली आहे, ते वाचा.

पडताळणी सोपी आहे, घाबरू नका. एक पातळ पडदा घ्या, श्रोत्याला कडेभोवती एकेक अंश फिरवा, एकूण पातळीचा आलेख काढा. रेघ कुठेही तुटता कामा नये. मग कडेचा कोन १८० अंश करा. सपाट भिंतच ती, उत्तर शून्य यायला हवं. कोन नेहमी हवेच्या बाजूचा धरायचा: बाहेर आलेल्या काटकोनी कोपऱ्याला २७०. चुकून ९० दिलात तर विवर्तन शून्य येईल आणि तुम्ही बग शोधत बसाल.

गाइड निवडताना नाव बघू नका. जो तुमचा हा आलेख मागवून घेतो आणि सीमेपाशी बोट ठेवतो, तो गाइड. नुसता रिव्हर्बरेशन टाइम विचारणाऱ्याकडून यात मदत होणार नाही, हे मी स्पष्टच सांगते.

गणित दुसऱ्या वर्षाच्या कॅल्क्युलसपलीकडचं नाही, तेव्हा जमेल. एक कड नीट बसली की मगच दुसऱ्या क्रमाचं (एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाणारं) विवर्तन घ्या. छोट्या पॅनेलला कमी कंप्रतेवर पहिला क्रम पुरत नाही. आणि ताडून बघायला ब्रास (BRAS) हा खुला डेटाबेस आहे. त्यात एकट्या कडेपासून खुर्च्यांच्या रांगांपर्यंतची मोजमापं मिळतात. एकट्या कडेचं मोजमाप आधी उतरवून घ्या, हॉलचं नंतर.