हातानं आंब्याचा संकर करताना या चुका टाळा

मोहोराच्या एका तुऱ्यावर शेकड्यांनी फुलं दिसतात आणि हात सुटतो. तिथंच पहिली चूक होते. एका तुऱ्यावर शेवटी एखाद-दुसरंच फळ टिकतं, बाकीची वाटाण्याएवढी होऊन गळतात. एकाच तुऱ्यावर शंभर फुलांना पराग लावण्यापेक्षा दहा तुऱ्यांवर दहा-दहा फुलं घ्या. उरलेली फुलं आणि कळ्या खुडून टाका, नाहीतर तुऱ्यावर बांधलेल्या पिशवीतच त्यांचा पराग उडतो आणि फळाचा बाप कोण ते कळत नाही.

फूल भिंगाखाली बघूनच निवडा. मोहोरात नर फुलं बरीच असतात, आणि त्यांना पराग लावणं म्हणजे सकाळ वाया घालवणं. द्विलिंगी फुलाच्या मधोमध हिरवट-पिवळा गोल अंडाशय दिसतो. अशी फुलं तुऱ्याच्या शेंड्याकडे जास्त मिळतात.

आदल्या दिवशी मादी झाडाच्या तुऱ्यावरची उमललेली फुलं काढून तो पिशवीत बांधा. सकाळी लवकर, परागकोष (पुंकेसराच्या टोकावरची परागाची पुडी) गुलाबी असतानाच तो बारीक चिमट्यानं उचला. पराग देणारा पुंकेसर बहुधा एकच असतो, क्वचित दोन. ऊन चढलं की परागकोष फुटून निळसर-करडा होतो. मग तो काढून काही उपयोग नाही. (दशहरीसारख्या जातीला स्वतःचा पराग चालत नाही, तिथं एवढी चूक खपून जाते.)

नर म्हणून निवडलेल्या, म्हणजे पराग देणाऱ्या झाडाचं मात्र उलट. तिथली ताजी फुलं सकाळी काचेच्या बशीत आणून ठेवा आणि परागकोष फुटल्यावरच वापरा. मादी फुलाची कुक्षी (पराग जिथं लावायचा ते टोक) अंडाशयाच्या डोक्यावर नसते, बाजूनं निघालेल्या बारीक दांडीच्या टोकाला असते. वरून चोळलं तर पराग भलतीकडेच लागतो. परागकोष चिमट्यात धरून त्या टोकाला हलकेच टेकवा. कडाक्याच्या थंडीत तयार झालेला पराग बराचसा वांझ निघतो, म्हणून थंडी ओसरल्यावरचे तुरे घ्या.

पिशवी प्लॅस्टिकची नको. आत वाफ धरते, भुरी येते, मोहोर काळा पडतो. मलमल किंवा बटर पेपर चालतो. साधारण आठवड्यानं पिशवी काढा.

लेबलवर मादी आधी, नर नंतर. हा क्रम क्षुल्लक नाही: नीलम आणि दशहरी यांच्यापासून मल्लिका झाली, आम्रपालीही झाली; मल्लिकेत मादी नीलम, आम्रपालीत दशहरी.

सगळं बिनचूक करूनही पाणी फिरवणारी चूक म्हणजे बहुभ्रूणी (एका कोयीतून अनेक रोपं देणारी) जात मादी म्हणून घेणं. तिच्या कोयीतून येणारी बरीचशी रोपं आईचीच नक्कल असतात आणि संकराचं रोप बहुधा त्यांच्यात दबून मरतं. हापूस, केसर, नीलम या एकभ्रूणी (एका कोयीतून एकच रोप देणाऱ्या) जाती मादी म्हणून घ्या.

फळ पिकलं की कोय वाळवत ठेवू नका. टरफल कापून आतली बी लगेच, ओलसर असतानाच पेरा. रोपाची काडी मोठ्या झाडावर कलम केली, तर फळं बघायला रोपापेक्षा काही वर्षं कमी लागतात.