नोंग्रियाटचा दुमजली जिवंत पूल: जायचं कसं

झाडाच्या जिवंत मुळांपासून वाढवलेल्या या पुलाकडे जायला मेघालयात सोहऱ्याजवळच्या (चेरापुंजीजवळच्या) टिर्ना गावापर्यंत गाडी जाते. पुढे खाली नोंग्रियाट गावापर्यंत सुमारे 3,500 पायऱ्या, तीनेक किलोमीटर. सकाळी आठच्या आत उतरायला लागा. डिसेंबरात इथे साडेचारलाच सूर्य मावळतो आणि चढताना उतरण्याच्या दीडपट वेळ धरावा लागतो. बरेच जण इथेच फसतात: उतरणं सोपं गेलं म्हणून खाली रेंगाळतात आणि अंधारात पायऱ्या चाचपडत वर येतात.

खरं तर नोंग्रियाट गावातच एक रात्र मुक्काम करावा. राहायची साधी सोय होते. रोख पैसे आणि माणशी दोन लिटर पाणी सोबत असू द्या.

बूट खाचदार तळव्याचेच हवेत, कारण शेवाळलेल्या दगडावर गुळगुळीत तळवा हमखास घसरतो. उतरताना पाऊल किंचित तिरकं टाका, गुडघ्यांवरचा ताण कमी होतो. वाटेतल्या तारेच्या झुलत्या पुलांवर एका वेळी मोजकीच माणसं जाऊ द्या.

पुलाशी पोचल्यावर जरा वाका आणि मुळं नीट बघा. रबराच्या वडाची ही मुळं इथले खासी लोक सुपारीच्या पोकळ खोडांतून पलीकडच्या काठावर नेतात. ती तिथे मातीत रुजतात, जाड होतात, एकमेकांत गुंततात. पूल चालण्याजोगा व्हायला पंधरा-वीस वर्षं सहज जातात. म्हणून कोवळी, बोटाएवढी मुळं दिसली तर त्यांना धरून लोंबकळू नका, त्यांवर पाय देऊ नका. उद्याचा कठडा तोच आहे.

पावसाळा टाळा. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम.