लंपीचे स्ट्रेन जुळवताना या चुका टाळा

लंपी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग, त्याच्या खपलीचं सॅम्पल गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गोठ्यातून आलं, चिठ्ठीवर ठिकाण म्हणून फक्त 'गोवा' लिहिलेलं, मी तसंच टाईप केलं आणि पुढं गेले. विषाणूचा अख्खा जिनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय अक्षरं, वाचून ट्री (कोण कोणाच्या जवळचा ते दाखवणारी वंशावळ) काढला तर हा सिक्वेन्स, म्हणजे वाचलेली अक्षरांची रांग, गोव्यातल्या बाकीच्यांपासून लांब जाऊन बसला. दोन दिवस प्रोग्रॅमच तपासत बसले, शेवटी गोठ्यावरच्या काकांना फोन लावला तर ते म्हणाले, "अगो, ती गाय बारा दिवसांमागं बेळगावच्या बाजारातून आणलेली, चोर्ल्याच्या घाटातनं." लंपीत लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २८ दिवसही जाऊ शकतात, म्हणजे विषाणू घाटावरूनच आला असू शकतो! तेव्हा गाय कुठून आणली, कधी आणली, गाठी कधी दिसल्या हे गोठ्यातच विचारून घ्या, नंतर कोणाला आठवत नाही.

दुसरी चूक तर सगळेच करतात, एकाच जीनचा तुकडा वाचून 'ओडिशाचा आणि आपला स्ट्रेन सेम' म्हणून मोकळं व्हायचं. लंपीचा विषाणू डीएनएचा, साधारण दीड लाख अक्षरांचा आणि बदलतो हळू, मग हजारेक अक्षरांच्या तुकड्यात फरक दिसणार कसा? वर रशियात २०१७ मध्ये लसीचा आणि फील्डचा (गुरांत आपोआप पसरणारा) विषाणू मिसळून झालेला स्ट्रेन सापडलाय, तिथं एक जीन लसीकडे बोट दाखवतो तर दुसरा फील्डकडे. पैसे नसतील तर निदान जिनोमवर लांबलांब असलेले तीनचार जीन तरी घ्या आणि प्रत्येकाचा ट्री वेगळा काढून बघा. लाळ्या-खुरकूतचा हिशोब तर इथं लावूच नका, तो आरएनएचा विषाणू, भराभर बदलतो, त्यात व्हीपी१ या एका जीनवरून प्रदेशवार गट पाडता येतात.

लसीची तारीख पण विचारा. आपल्याकडे लंपीसाठी गायींना शेळ्यांच्या देवीची लस दिली गेलीय, आणि पी३२ जीनची कॉमन पीसीआर (तो जीन सॅम्पलमध्ये आहे का ते बघायची टेस्ट) मेंढीची देवी, शेळीची देवी, लंपी तिन्हीला पॉझिटिव्ह येते, त्यामुळे नुसत्या त्या टेस्टच्या बँडवर (जेलवर दिसणाऱ्या पट्टीवर) लंपी लिहू नका.

ट्रीमध्ये एकच फांदी लांबलचक दिसली तर 'नवा स्ट्रेन' म्हणून नाचण्याआधी सिक्वेन्स उलटा तर नाही ना पडला ते बघा, टोकाची खराब अक्षरं कापा, क्रोमॅटोग्राम, म्हणजे मशीननं अक्षरं वाचताना काढलेला आलेख, स्वतः डोळ्यांनी बघा. बूटस्ट्रॅप (फांदी किती भरवशाची ते सांगणारा शंभरपैकी आकडा) ७० च्या खाली असेल तर त्या फांदीवरून रोग कुठून आला ते सांगू नका, कारण तुमच्या एका वाक्यावर कोणाचातरी गुरांचा बाजार बंद होऊ शकतो.