शेअर्ड होस्टिंगचा सर्व्हर भरताना या चुका टाळा

शेअर्ड होस्टिंगच्या, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट ठेवायच्या धंद्यात नवीन उतरलेला माणूस सगळ्यात आधी विचारतो, एका सर्व्हरवर किती अकाउंट बसतात? मला हा प्रश्न आला की मी आधी उलट विचारतो, कोणती अकाउंट? कारण पाच पानांची साधी वेबसाइट वर्षभर कोपऱ्यात पडून असते, तिच्याने सर्व्हरला काही फरक पडत नाही आणि तिच्याच शेजारी एखादं वूकॉमर्सचं ऑनलाइन दुकान असतं, तिथे सेल लागला की एका तासात ते अख्ख्या सर्व्हरचा घाम काढतं. दोघांचा प्लॅन एकच, पैसे सारखेच. म्हणून अकाउंट मोजून प्लॅनिंग केलं की फसलात. मोजायचा असतो तो गर्दीचा क्षण, आणि त्या क्षणाला सगळ्यात आधी काय संपतं ते, सीपीयू की रॅम की डिस्क की आयनोड (डिस्कवरच्या प्रत्येक फाइलला लागणारी एक नोंद). बाकीचं कितीही शिल्लक असलं तरी जे आधी संपलं तिथेच सर्व्हर बसतो.

सरासरीवर विश्वास ठेवणं

ग्राफ बघितला, दिवसाचा सीपीयू सरासरी ३० टक्के, म्हणजे अजून दुप्पट अकाउंट बसतील असं वाटतं. नाही बसत. रात्री तीन वाजता ५ टक्के असतो आणि सकाळी अकरा वाजता ८५, त्याची सरासरी काढून काय उपयोग? त्यात एसएआर (सर्व्हरचा वापर नोंदवणारं टूल) नुसतं इन्स्टॉल करून सोडलं तर सहसा दर दहा मिनिटांनी एक नोंद ठेवतं, त्या दहा मिनिटांतले चाळीस सेकंद सर्व्हर पूर्ण अडकलेला असला तरी ग्राफमध्ये ते बुडून जातं. कस्टमरला मात्र ते चाळीस सेकंदच आठवतात. नोंद दर मिनिटाला घ्या, डिस्कवर थोडी जागा जाते, जाऊ द्या.

आणि ८५ टक्के म्हणजे अजून १५ शिल्लक, हा हिशोबही चुकीचा आहे. रांगेचं साधं गणित बघा, एक खिडकी आणि लोक कधीही येतात असं धरलं तर खिडकी ५० टक्के बिझी असताना रिक्वेस्टला रिकाम्या सर्व्हरच्या दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० ला दहापट आणि ९५ ला वीसपट. कोअर जास्त असले की आकडे थोडे सौम्य होतात पण शेवटचा चढ तसाच उभा राहतो. म्हणून मी गर्दीच्या तासाला ७० टक्क्यांवर रेघ मारतो, त्याच्या वर नवीन अकाउंट नाही.

एक ढोबळ हिशोब देतो. १६ कोअर आहेत, कॅश (आधीच तयार करून ठेवलेली प्रत) नसलेलं वर्डप्रेसचं एक पान अर्धा सेकंद सीपीयू खातं असं धरा, म्हणजे सगळा जोर लावून सेकंदाला ३२ पानं, ७० टक्क्यांची रेघ धरली तर २२. बस्स, एवढंच. हे ३२ थ्रेडचं मशीन आहे असं कोणी म्हणालं तरी आकडा दुप्पट होत नाही कारण हायपरथ्रेडिंगचे दोन थ्रेड एकाच कोअरवर भागीदारी करतात. पण कॅशमधून पान गेलं तर पीएचपीला (पान तयार करणाऱ्या कोडला) हातच लागत नाही आणि तोच सर्व्हर त्याच्या कितीतरी पट पानं देतो, त्यामुळे कस्टमरला पेज कॅश चालू करून देणं हा माझ्या मते सगळ्यात स्वस्तात मिळणारा सर्व्हर आहे.

रॅमचा हिशोब प्लॅनप्रमाणे न करणं

ही चूक फार लोक करतात. ६४ जीबी रॅम आहे. त्यातली ८ जीबी सिस्टिम, पॅनेल (सीपॅनेलसारखं अकाउंट सांभाळायचं सॉफ्टवेअर), मेल आणि स्पॅम स्कॅनरला गेली, १६ मायएसक्यूएल डेटाबेसला, १६ डिस्कच्या फाइल कॅशला सोडली (ती सोडायलाच लागते, नाहीतर प्रत्येक वाचन डिस्कवर जातं), उरली २४. पीएचपीची एक प्रोसेस ८० एमबी धरली तर एका वेळी ३०० प्रोसेस मावतात. आता प्लॅन बघा, २०० अकाउंट आणि प्रत्येकाला एफपीएमचे (पीएचपीच्या प्रोसेस चालवणारा भाग) मॅक्स चिल्ड्रेन, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त प्रोसेस, १०. म्हणजे तुम्ही २००० प्रोसेसची परवानगी देऊन बसलात, १६० जीबीची. रोज सगळे एकदम येत नाहीत म्हणून चालून जातं. मग एका दिवशी बॉट येऊन तीस-चाळीस साइटवर एकदम लॉगिन पेज ठोकायला लागतात आणि ते सगळे १० च्या १० भरतात.

तेव्हा कर्नलचा ओओएम किलर (रॅम संपली की प्रोसेस मारणारा) उठतो आणि बहुतेक वेळा सगळ्यात जास्त रॅम धरून बसलेल्या प्रोसेसला मारतो, आणि ती कोण असते? मायएसक्यूएल. चूक चाळीस साइटची, बंद पडल्या दोनशे. डीमेसेज (कर्नलचा लॉग) बघितला की "आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस" अशी ओळ आणि पुढे मायएसक्यूएलडीचं नाव दिसतं, पण घाईत लोक डेटाबेस रीस्टार्ट करतात आणि डेटाबेसच खराब आहे म्हणून त्याच्या सेटिंगमागे लागतात.

जास्त विकणं म्हणजे पाप आहे असं मी अजिबात म्हणत नाही, शेअर्ड होस्टिंग चालतंच त्यावर. पण किती पट विकलंय हे कागदावर असायला पाहिजे आणि एका अकाउंटने दुसऱ्याचा घास घेऊ नये म्हणून लगाम पाहिजे. एफपीएम ऑनडिमांड मोडवर ठेवा म्हणजे झोपलेल्या साइट रॅम धरून बसत नाहीत, आणि क्लाउडलिनक्स (शेअर्ड होस्टिंगसाठीचं लिनक्स) किंवा नुसते सीग्रुप (लिनक्समधली मर्यादा घालायची सोय) वापरून प्रत्येकाला सीपीयू, मेमरी, आयओची मर्यादा घाला. क्लाउडलिनक्सवर एन्ट्री प्रोसेसची (एका वेळी आत येणाऱ्या रिक्वेस्टची) मर्यादा संपली की ५०८ एरर दिसतो. कस्टमर चिडतो हे खरं, पण तो एकटा चिडतो.

मायएसक्यूएलचा इनोडीबी बफर पूल (डेटा रॅममध्ये धरून ठेवायची जागा) मूळ सेटिंगमध्ये १२८ एमबी असतो. ६४ जीबीच्या मशीनवर बफर पूल तसाच सोडलेला मी स्वतः बघितलाय, सगळे म्हणत होते डिस्क स्लो आहे.

डिस्क म्हणजे फक्त जीबी समजणं

यावर जरा थांबतो कारण याने माझी एक अख्खी रात्र खाल्लीय. रात्री साडेअकराला मेसेज यायला लागले, लॉगिन होत नाही, मेल येत नाही, इमेज अपलोड होत नाही. लॉगमध्ये एरर "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस". डिस्क बघितली तर ४५ टक्के रिकामी. मी दोनदा बघितलं, कोट्याचा घोळ असेल म्हणून कोटा तपासला, रीडओन्ली झाली का बघितलं, पाऊण तास गेला. मग डीएफ कमांडला एचच्या ऐवजी आय लावून चालवली आणि समोर आलं, आयनोड १०० टक्के.

ईएक्सटी४ फाइलसिस्टिम बनवताना आयनोडची संख्या तेव्हाच ठरून जाते, मूळ सेटिंग दर १६ केबीला एक आयनोड, म्हणजे १ टीबीला साधारण सहा कोटी. ऐकायला भरपूर वाटतात. पण मेलडिरमध्ये (मेल साठवायची एक पद्धत) एक मेल म्हणजे एक फाइल, वर्डप्रेसमध्ये एक फोटो टाकला की त्याच्या पाच-सात साइज बनतात, कॅश प्लगइन प्रत्येक पानाची फाइल करतं, ती कधीकधी २-३ केबीची. माझ्या केसमध्ये एकाच अकाउंटच्या सेशन (व्हिजिटरच्या तात्पुरत्या नोंदी) फोल्डरमध्ये ९० लाखांच्या वर फाइली होत्या. त्या साइटने सेशनचा पाथ स्वतःचा दिला होता, आणि डेबियन-उबंटूवर पीएचपीची स्वतःची सेशन सफाई बंद असते, ती बाहेरून क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) होते आणि तो क्रॉन पीएचपीच्या मुख्य सेटिंगमध्ये लिहिलेला पाथच झाडतो. म्हणजे त्या फोल्डरला वर्षानुवर्षं कोणी झाडूच मारला नव्हता.

अशा फोल्डरमध्ये साधं एलएस मारू नका, ते सगळी नावं गोळा करून लावत बसतं आणि टर्मिनल अडकतं. आरएमला स्टार दिला तर "आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग" म्हणून परत येतं. फाइंड कमांडला डिलीट लावून, आणि आयओनाइसने हळू करून चालवा. मला पहाटे चार वाजेपर्यंत लागले. त्यानंतर प्रत्येक प्लॅनला आयनोडची मर्यादा घातली आणि नवीन सर्व्हर एक्सएफएसवर घेतले, तिथे आयनोड लागतील तसे बनत जातात.

लोड वाढला म्हणून मोठा सीपीयू घेणं

लोड ६० दिसला की लोक घाबरून जास्त कोअरचा सर्व्हर ऑर्डर करतात. लिनक्समध्ये लोड ॲव्हरेजमध्ये फक्त सीपीयूची वाट बघणारे नसतात, डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसपण त्यातच धरतात. आधी व्हीएमस्टॅट (सीपीयू, रॅम, डिस्कची हालत दाखवणारी कमांड) सेकंदाच्या अंतराने वीस-तीस ओळी चालवा आणि शांतपणे वाचा. आरचा रकाना कोअरच्या संख्येपेक्षा बराच वर राहत असेल तर सीपीयू खरंच कमी पडतोय. बीचा रकाना आणि डब्ल्यूए वर असेल तर डिस्क अडलीय, कितीही कोअर आणले तरी हाच लोड दिसेल. एसआय आणि एसओ (स्वॅपमधून, म्हणजे डिस्कवरच्या जादा मेमरीतून, आत-बाहेर) सतत हलत असतील तर रॅम संपलीय, नुसतं स्वॅप भरलेलं दिसणं काळजीचं नाही, हलणं काळजीचं. आणि मशीन व्हीपीएस (मोठ्या होस्ट सर्व्हरवरचा व्हर्च्युअल हिस्सा) असेल तर एसटी बघा, तो १०-१५ टक्के असेल तर तुमचा सीपीयू होस्टवरच्या दुसऱ्या मशीनना जातोय, तिथे तुम्ही काही ट्यून करून उपयोग नाही, सरळ प्रोव्हायडरशी बोला नाहीतर हलवा.

डिस्क अडलेली निघाली तर आयओटॉप लावून कोण वाचतंय-लिहितंय ते शोधा. एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) असेल तर आयओस्टॅटमधला युटिल (डिस्क किती टक्के वेळ बिझी) १०० दिसला तरी लगेच निष्कर्ष काढू नका, ती डिस्क एका वेळी खूप कामं समांतर करते, त्यापेक्षा अवेटचे (प्रत्येक कामाला लागणारा वेळ) आकडे बघा, नेहमीपेक्षा किती वाढलेत.

सगळं मध्यरात्री ठेवणं

बॅकअप रात्री बाराला, मालवेअर स्कॅन बाराला, लॉग रोटेट त्याच सुमारास, आणि कस्टमरचे क्रॉनही बाराला कारण प्रत्येक जण शून्य-शून्यच टाकतो. मग बारा ते दोन सर्व्हर रडतो आणि दिवसभर मोकळा. बॅकअप अकाउंटप्रमाणे पसरवा, इन्क्रिमेंटल करा, रोज सगळं टार करून झिप करणं बंद करा. सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्क जोडून केलेला एक ॲरे) असेल तर डेबियनवर महिन्याच्या पहिल्या रविवारी अख्ख्या ॲरेची तपासणी चालते, महिन्यातून एकदाच सर्व्हर का मंदावतो याचं उत्तर बऱ्याचदा तिथे असतं. वर्डप्रेसचा डब्ल्यूपी-क्रॉन मूळ सेटिंगमध्ये कोणी पान उघडलं की जागा होतो, तो बंद करून खरा क्रॉन लावा आणि प्रत्येक अकाउंटला वेगळं मिनिट द्या.

परत उभं करायला किती वेळ लागेल हे न मोजणं

हार्डवेअर झेपतं म्हणून एकाच सर्व्हरवर हजार अकाउंट ठेवतात. ठीक आहे, पण तो मेला तर? २ टीबी डेटा १ जीबीपीएस लाइनवरून आणायचा तर पूर्ण वेगाने, सेकंदाला १२५ एमबीने, साडेचार तास लागतात आणि लाखो छोट्या फाइली असल्यावर तो वेग कधीच मिळत नाही, त्यामुळे मी तिप्पट धरतो. तेवढा वेळ हजार लोकांच्या साइट आणि मेल बंद, आणि फोन उचलायला तुम्ही दोघं. तुम्हाला किती तास बंद परवडतं ते आधी ठरवा आणि त्यावरून एका सर्व्हरवर किती डेटा ठेवायचा ते काढा. सीपॅनेलने २०१९ मध्ये अकाउंटच्या संख्येवर लायसन्सचा दर लावल्यापासून एकाच सर्व्हरमध्ये सगळे कोंबून लायसन्स वाचवायचा फायदाही बराचसा गेलाच आहे. आणि वर्षातून एकदा तरी खरा रिस्टोर करून घड्याळ लावून बघा.

डिस्क ९० टक्के झाल्यावर नवीन सर्व्हर शोधणं

तेव्हा उशीर झालेला असतो. अकाउंट हलवायला पॅनेल आधी त्याच डिस्कवर पॅकेज बनवतं, ४० जीबीच्या अकाउंटला जवळपास तेवढीच मोकळी जागा लागते, आणि हलवावी लागतात ती मोठीच अकाउंट. मी दर सोमवारी चार आकडे एका शीटमध्ये लिहितो, डिस्क, आयनोड, गर्दीच्या तासाचा सीपीयू आणि अव्हेलेबल रॅम. फ्री नाही, अव्हेलेबल, कारण फाइल कॅशमुळे फ्री नेहमी कमीच दिसणार. डिस्क आठवड्याला दीड टक्का वाढतेय, आज ७० आहे आणि माझी रेघ ८० वर आहे, म्हणजे साडेसहा आठवडे हातात आहेत. सर्व्हर येऊन सेटअप व्हायला एक आठवडा, नवीन आयपीवरून मेल थोडे थोडे सोडून नाव जमवायला तीन-चार, म्हणजे ऑर्डर या आठवड्यातच जाते. हलवायच्या दोन दिवस आधी त्या डोमेनचा टीटीएल (जुना पत्ता बाकीचे किती सेकंद धरून ठेवतील ते) ३०० करून ठेवा, जुन्या सर्व्हरवरचं अकाउंट लगेच डिलीट करू नका, आठवडाभर मेल तिथेही येतात का बघत राहा.